दुबार पेरणी

श्रीगोंदा तालुक्याचा मुलूख पर्जन्यछायेतला. दक्षिणेला भीमा वाहते, पश्चिमेच्या अंगाला घोड नदी आहे. कालव्याचे पाणी जेथवर पोहोचले तेथवर उसाचे मळे आणि लिंबाच्या बागा हिरव्यागार दिसतात. परंतु कालव्याची हद्द संपली की शेतकऱ्याची नजर पुन्हा आभाळाकडे वळते. मृगाच्या सरी पडतात, बाजरी पेरली जाते, कोवळे कोंब मातीतून डोकावतात आणि मग पाऊस दडी मारतो. पंधरा दिवस, तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. कोंब माना टाकतात. घरात जपून ठेवलेले बियाणे गेले, मशागतीचा खर्च गेला, घरातील माणसांचे कष्ट गेले.

अशा वेळी शेतकरी रान विकून मोकळा होत नाही; तो दुबार पेरणी करतो. मात्र ही पेरणी तो आंधळेपणाने करीत नाही. प्रथम तो शेतात जाऊन माती उकरून पाहतो. बी कुजले, मुंग्यांनी नेले, की उगवून करपले? ओल किती खोल गेली होती? वाफसा येण्यापूर्वीच पाभर धरण्याची घाई झाली काय? एवढे पाहिल्यावर तो बियाण्याची नवी तजवीज करतो, आणि पाऊस येईपर्यंत कुळव घालून रान तयार ठेवतो. हंगाम फारच पुढे सरकला, तर बाजरीचा हट्ट सोडून तेच रान रब्बीच्या ज्वारीसाठी राखतो. या साऱ्या खटाटोपात धीर हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघत नाही. त्याचा धीर त्याच्या हातातील कामात असतो.

विद्येच्या क्षेत्रातही दुबार पेरणीचे प्रसंग येतात. विशेषतः ज्या विद्येच्या दारावर प्रवेशपरीक्षेचा पहारा असतो, त्या विद्येच्या वाटेवर ते वारंवार येतात. कायद्याचे शिक्षण हे असेच एक क्षेत्र होय.

श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात कायदा ही केवळ पुस्तकातील वस्तू नव्हे. ती शेताच्या बांधावर उभी असते. सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी, भावाभावांतील वाटणी, सातबाऱ्यावर चढावयाची राहून गेलेली वारसाची नोंद, बहिणीचा हिस्सा, सावकाराचा कागद, या सर्वांतून तो घराघरांत शिरलेला असतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात कागदांची पिशवी पोटाशी धरून बसलेली म्हातारी माणसे पाहत पाहत येथील मुले मोठी होतात. त्या पिशवीत काय आहे हे त्या माणसांना वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते त्याची फी त्यांना परवडत नाही. अशाच एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी मनाशी ठरवते, की आपण वकील व्हावयाचे.

मग ते मूल रात्री जागून अभ्यास करते. विधी-अभिरुची, सामान्य ज्ञान, तर्कबुद्धी, इंग्रजी असे नाना विषय प्रवेशपरीक्षेत असतात. परीक्षा होते, गुणांची यादी लागते, प्रवेशाच्या एकामागून एक फेऱ्या होतात, आणि हव्या त्या महाविद्यालयाच्या यादीत नाव येत नाही. कोणाला गुण कमी पडतात. कोणाला गुण असून शहरात राहण्याचा खर्च झेपत नाही. घरातील मंडळी काही बोलत नाहीत, पण त्यांचे न बोलणेच अधिक लागते. पारावर कोणीतरी सहज विचारतो, “काय रे, वकिलीचं काय झालं?” त्या प्रश्नात दुष्टावा नसतो, तरीही तो तरुण त्या दिवसापासून पारावरून जाणे टाळू लागतो.

येथेच खरी कसोटी आहे. अपयशाचा घाव एका दिवसाचा असतो. परंतु त्या घावानंतर येणारे रिकामे महिने फार लांब असतात. पहिल्या आठवड्यात मनात निश्चय असतो, दुसऱ्या महिन्यात संशय शिरतो, आणि सहाव्या महिन्यात आपल्याला हे खरोखरच हवे होते काय, असा प्रश्न माणूस स्वतःला विचारू लागतो. चरित्रग्रंथांत या काळाला एखादी ओळ मिळते. ज्याला तो जगावा लागतो, त्याला मात्र तो एकेक दिवसाने जगावा लागतो.

श्रीगोंद्यात शिंदे सरदारांच्या जुन्या वाड्याची आठवण अजून टिकून आहे. त्या घराण्यातील महादजी शिंदे १७६१ मध्ये पानिपतच्या रणधुमाळीत पायाला जबर जखम होऊन पडले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांचा जीव वाचविला. पाय मात्र जन्माचा अधू झाला. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांच्या फौजांनी पुन्हा दिल्लीवर आपला अंमल बसविला, तेव्हा त्यांच्या प्रमुख सरदारांत महादजी होते. दिल्लीचा तो दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. पण तो दिवस ज्या दहा वर्षांनी घडविला, त्यांची आठवण क्वचितच कोणी काढतो. तलवारीच्या क्षेत्रात जे खरे, तेच विद्येच्या क्षेत्रातही खरे आहे. त्याची साक्ष कायद्याच्याच दोन विद्यार्थ्यांच्या चरित्रांत मिळते.

त्यांतील पहिले विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना सारे जग ओळखते. परंतु त्यांचे कायद्याचे शिक्षण मध्येच तुटले होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील अभ्यासानंतर १९१६ मध्ये ते लंडनला आले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या संस्थेत त्यांनी नाव नोंदविले. एक वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये सर्व अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या जहाजावर होते, ते जहाज शत्रूच्या पाणतीराने समुद्रात बुडाले.

परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. हाती पैसा नव्हता, परतीची खात्री नव्हती. तरी दार कायमचे लागू नये एवढी फट त्यांनी राखली. दुबार पेरणीसाठी मूठभर बी बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे हे शहाणपण होय.

पुढची तीन वर्षे सुखाची नव्हती. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात ते उतरले होते, तेथून त्यांना अपमानित करून बाहेर काढण्यात आले. मुंबईस येऊन त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तोही त्यांची जात कळताच बंद पडला. १९१८ च्या नोव्हेंबरात त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही त्यांच्या पाणी पिण्यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. पगार दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळाच्या मानाने चांगला होता. परंतु त्या पगारावर त्यांनी ऐषआराम केला नाही. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार चालू राहिला. रमाबाईंनी काटकसरीने घर चालविले, आणि उरलेली प्रत्येक रक्कम लंडनच्या वाटेसाठी बाजूला पडत गेली.

या तीन वर्षांत त्यांनी नुसती वाट पाहिली नाही, हे विशेष. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साऊथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्य समाजाच्या वतीने साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. हाती सनद नव्हती, अंगावर बॅरिस्टरचा झगा नव्हता; परंतु ज्यांना वाचा नाही त्यांची बाजू मांडणे हे जे वकिलाचे खरे काम, ते त्यांनी पदवीच्या आधीच सुरू केले होते. १९२० च्या जुलैत स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची मुदत अद्याप संपली नव्हती.

१९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्यांच्या अर्थशास्त्रावरील प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचविले, तेव्हा तो पुन्हा लिहून त्यांनी १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवीही मिळविली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. ज्या तरुणाचा कायद्याचा अभ्यास पैशांअभावी तुटला होता, तोच १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला.

दुसरे चरित्र एका स्त्रीचे आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला, आणि त्यांचे शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. पदवीपरीक्षेतील त्यांचे यश असे होते, की इंग्लंडमधील शिक्षणासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु त्या स्त्री आहेत, एवढ्याच कारणावरून ती त्यांना नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकविले. नंतर इंग्लंडमधील काही हितचिंतकांनी वर्गणी जमविली, आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या.

तेथेही दार अर्धेच उघडले. खास ठराव होऊन १८९२ मध्ये त्यांना कायद्याच्या बी. सी. एल्. या परीक्षेस बसू देण्यात आले. त्या उत्तीर्ण झाल्या. पण स्त्रियांना पदवी देण्याची त्या विद्यापीठात प्रथाच नव्हती. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. परीक्षा दिली, पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी न्यायालयात उभे राहण्याचा हक्क त्यांना मिळाला नाही. अभ्यासात कमतरता नव्हती, श्रमांत कसूर नव्हती. नियमच आड उभा होता.

अशा स्थितीत हताश होणे अस्वाभाविक ठरले नसते. परंतु कॉर्नेलियांनी आपल्या भोवती पाहिले. पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि पोरकी मुले यांच्या मिळकती दिवाण-कारभारी गिळंकृत करीत होते, आणि परपुरुषासमोर येता येत नसल्यामुळे या स्त्रियांना वकिलाशी बोलणेसुद्धा अशक्य होते. त्यांच्यासाठी स्त्री कायदेपंडित नेमावी म्हणून कॉर्नेलियांनी सरकारकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढील सुमारे वीस वर्षांत त्यांनी सहाशेहून अधिक स्त्रिया आणि मुले यांना कायद्याचे साहाय्य दिले, असे सांगतात. नाव वकिलाचे नव्हते. काम मात्र वकिलाचेच होते. अखेर ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केले, आणि १८९२ साली कमावलेली पदवी कॉर्नेलियांच्या हाती १९२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी पडली. १९२३ च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर वयाच्या साठीकडे झुकलेल्या कॉर्नेलिया कलकत्त्यास वकील म्हणून उभ्या राहिल्या.

या दोन चरित्रांची थोरवी मोठी आहे, आणि सामान्य विद्यार्थ्याने त्यांच्याशी आपली तुलना करावी असे नाही. परंतु त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बंद दारे सगळी सारखी नसतात. एक दार पैशाअभावी बंद असते, दुसरे अन्यायी नियमाने बंद असते, आणि तिसरे स्वतःच्या अपुऱ्या तयारीमुळे बंद राहते. पैशाचे दार असेल तर परतीची फट राखून साधने जमवावी लागतात. नियमाचे दार असेल तर काम करीत करीत नियम बदलण्याची मागणी चालू ठेवावी लागते. आणि तयारीचे दार असेल, तर निमूटपणे आपली उणीव भरून काढावी लागते. तयारी कमी असताना नियमाला दोष देणारा आणि नियम अन्यायी असताना स्वतःला दोष देणारा, हे दोघेही माती न उकरता पेरणी करणारे शेतकरी होत.

श्रीगोंद्याच्या त्या तरुणालाही प्रथम हीच माती उकरून पाहावी लागते. गुण कोणत्या विषयात गेले? इंग्रजी उतारा वाचताना वेळ अपुरा पडला काय? सामान्य ज्ञानाचा अभ्यास परीक्षेच्या तोंडावर झाला काय? हे प्रश्न कडू आहेत; पण त्यांची उत्तरे कागदावर उतरली की अपयशाचे भूत निम्म्याने लहान होते. ‘मी कमी पडलो’ या वाक्याला उपाय नसतो. ‘मला इंग्रजी उतारे वाचावयास अधिक वेळ लागतो’ या वाक्याला असतो. रोज एक उतारा वाचणे हा तो उपाय होय.

त्याला हंगामही ओळखावा लागतो. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम हा कायद्याच्या शिक्षणाचा खरीप मानला, तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ही त्याची रब्बी आहे. पहिला हंगाम हुकला म्हणून रान पडीक ठेवण्याचे कारण नाही. इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, शेती यांपैकी कोणत्याही शाखेची पदवी घेऊन तो पुन्हा त्याच दारात येऊ शकतो, आणि येताना रिकाम्या हाताने येत नाही. ज्याने शेतीशास्त्र शिकले, त्याला पुढे पाण्याच्या आणि जमिनीच्या तंट्यातील मर्म इतरांपेक्षा अधिक कळेल.

शिवाय, दार उघडेपर्यंत करण्याजोगे काम त्याच्या गावातच पडलेले असते. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांसाठी खुले असते. मागच्या बाकावर शांतपणे बसून साक्ष कशी घेतात, उलटतपासणी कशी होते, हे कोणालाही पाहता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कैदी आणि गरीब पक्षकार यांना मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे, आणि त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समित्या असतात. या कामासाठी प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक घेतले जातात. त्यांना कायद्याची पदवी लागत नाही. ज्या म्हातारीच्या पिशवीतील कागद तिला वाचता येत नाहीत, तिला ते वाचून दाखवावयास आणि ती मोफत वकिलास पात्र आहे एवढे सांगावयास कोणत्याही यादीत नाव यावे लागत नाही.

उमेद टिकते ती अशा कामातून. ती भाषणे ऐकून येते आणि भाषणाबरोबरच जाते. भिंतीवर लावलेली सुवचने आठवड्याभरात दिसेनाशी होतात. परंतु आपल्या हातून आज एका माणसाचे काम झाले, ही जाणीव रात्री निजताना सोबत असते आणि सकाळी उठवते. ज्याला केवळ वकील हे नाव हवे होते, त्याचा यादीबरोबर सर्वस्वी पराभव होतो. ज्याला वकिलाचे काम हवे होते, त्याचा पराभव यादी करू शकत नाही. फार तर ती त्याला उशीर करू शकते.

दुबार पेरणी केली म्हणजे पीक येतेच, असे कोणताही शेतकरी छातीठोकपणे सांगणार नाही. कधी दुसरी पेरणीही वाया जाते. कायद्याच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकालाच अखेरीस काळा झगा मिळेल, असेही नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी ग्रामपंचायतीचे काम पाहील, कोणी शेतीच करील. पण प्रतीक्षेच्या वर्षांत ज्याने कायदा वाचला, इंग्रजी सुधारले, आणि चार अडलेल्या माणसांची कागदपत्रे मार्गी लावली, तो जेथे जाईल तेथे अधिक उपयोगी माणूस म्हणूनच जाईल. नांगरलेल्या रानाची मशागत फुकट जात नाही. या पिकाला नाही तर पुढच्या पिकाला ती कामी येतेच.

शेतकऱ्याच्या घरात पेरणीच्या काळात भविष्याविषयी फारशी चर्चा होत नाही. बी निवडले जाते, पाभर दुरुस्त होते, बांधावरचे तण काढले जाते. आभाळ भरून येईल तेव्हा येईल. ते आले तर रान तयार सापडावे, एवढीच त्या घराची काळजी असते.